शहापूरचे घर

कपिलेश्वरचा पूल उतरला की शहापूर. इंग्रजी अमलात बेळगाव ब्रिटिशांचे, तर शहापूर सांगली संस्थानचे. म्हणून आजोबांचे खरेदीपत्र मराठीत, आताचा उतारा कन्नडमध्ये आणि आडनाव दोन्हीकडे वेगळे! घर विकायला काढल्यावर हे कळले. नाव दुरुस्त होऊन वारसा लागेपर्यंत सात महिने गेले.

घेणारे मास्तर हुबळीकडचे. दर रविवारी फोन, "एनात्री?" मी "पुढच्या आठवड्यात" म्हणून टाळायचो. ते दुसरी घरे बघू लागल्याचे कानावर आले. आई म्हणाली, "खरं काय ते सांगून टाक की!"

मग त्यांना बोलावले. दोन्ही कागद समोर ठेवले. ताईची सही राहिली आहे, पावसाळ्यात मागची भिंत ओली होते, हेही सांगितले. चहा पिऊन मास्तर म्हणाले, "कायतीन्री." आणि खरोखर थांबले.

२०२४ पासून नोंदणीला ई-खाताही लागतो. तेव्हा मंडळी, घर विकायच्या आधी कागदांवरची नावे जुळवून घ्या. आणि उशीर झालाच, तर घेणाऱ्याला कारण सांगा. किल्ली देताना आईच्या डोळ्यांत पाणी होते, पण मान ताठ होती.