तिसऱ्या वर्षाच्या मुली

प्रवेशसमितीवर काम करताना अर्जाच्या शेवटच्या पानावरील एका रकान्याशी दरवर्षी माझा संबंध येतो. 'क्रीडानैपुण्य' असे त्याचे शीर्षक. खाली राष्ट्रीय, राज्य, विभाग, जिल्हा अशी उतरती भाजणी. प्रमाणपत्राची छायांकित प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहायची, कोपऱ्यात सही करायची आणि पुढचा अर्ज ओढायचा. या रकान्यापलीकडून एखादी सतरा-अठरा वर्षांची मुलगी आपल्यालाही पारखत असेल, हे महाविद्यालय आपल्या उपयोगाचे आहे का असा विचार करत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आले नव्हते. मराठीच्या प्राध्यापिकेने याचा खेद मानावा, कारण कोणत्याही लेखनात बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे विचारायला आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने मला टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन बसवले. ती माण तालुक्यातली. याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, तेव्हा भाची शाळेत होती. तिलाही तीच शर्यत धावायची होती. शर्यतीचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस वेळा लाकडी अडथळे ओलांडायचे आणि सात वेळा पाण्याचा अडथळा. मुलींसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. साध्या हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथे तो हलत नाही, धावणारी पडते. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे पावणेचार मीटरांच्या आतबाहेर लांबीचा, उताराचा खड्डा असतो. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती थेट २००८ साली, बीजिंगला.

बारावीचा निकाल लागला आणि घरात दोन पक्ष पडले. दाजींचे म्हणणे सरळ होते. "पोरीनं पळून पळून शेवटी भरतीच करायचीय न्हवं? मग मधी कॉलेजचा घोळ कशाला? अकादमीत घालतो." त्यांचे चुकत होते असे मला म्हणवेना. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे हे त्यांना ठाऊक होते. स्टीपलचेसमधला देशातला सर्वांत मोठा धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. तो बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून तिथेच घडला, हेही त्यांनी ऐकवले. सैन्याने जे केले ते विद्यापीठाला करता येईल का, असाच त्यांचा प्रश्न होता. पण पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर धावायचे असते. तीन हजार मीटर धावणाऱ्या मुलीला आठशेच्या तयारीला लावणे म्हणजे दीर्घकथा लिहिणाऱ्याला चारोळीवर बसवणे, असे मी म्हणाले. दाजींना दृष्टान्त पटला नाही. बहिणीने तडजोड काढली: "मावशीबरोबर दोन ठिकाणं बघून ये, मग ठरवू."

मी वहीत प्रश्नांची यादी केली. त्याआधी दोन्ही संस्थांच्या माहितीपुस्तिका वाचल्या, आणि वाचताना माझ्यातली समीक्षक जागी झाली. पहिली पुस्तिका एका खासगी विद्यापीठाची होती. गुळगुळीत कागद, निळ्या धावपट्टीचे विमानातून घेतल्यासारखे छायाचित्र, 'जागतिक दर्जा' हा शब्दप्रयोग एका पानात तीनदा. क्रियापदे बहुतेक भविष्यकाळी: सुविधा दिली जाईल, मार्गदर्शन लाभेल. कोण देईल, कोणाकडून लाभेल, हे सांगणारा कर्ता वाक्यात कुठे नव्हता. दुसरी पुस्तिका जुन्या अनुदानित महाविद्यालयाची, पिवळट, दोन टाचण्या मारलेली. तिच्यात क्रीडाविभागाला दीड परिच्छेद आणि जिमखाना शुल्काची एक ओळ होती.

खासगी विद्यापीठात आमचे स्वागत उत्तम झाले. व्यायामशाळा खरोखरच मोठी होती. धावपट्टी सिंथेटिक, आठ पट्ट्यांची. भाची तिच्यावर दहा पावले चालली, टाचेने दाबून पाहिली आणि मग वळणाकडे गेली. पाण्याच्या अडथळ्याचा खड्डा तिथे होता, पण त्यात वाळू भरलेली होती आणि वाळूत गवत उगवले होते. दाखवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "स्पर्धा असली की साफ करून घेतो." मी वहीत 'खड्डा आहे' असे लिहिले. भाचीने वही घेतली आणि पुढे 'पाणी नाही' असे जोडले.

कार्यालयात शुल्कमाफीची चर्चा झाली. पहिल्या वर्षी पूर्ण माफी. पुढे? "कामगिरीनुसार नूतनीकरण," असे उत्तर मिळाले. भाचीने विचारले, "आणि दुखापत झाली तर?" गृहस्थ हसले. "एवढ्यात दुखापतीचा विचार कशाला? पॉझिटिव्ह राहायचं." हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. आदल्या हिवाळ्यात नडगीच्या हाडाच्या दुखण्याने ती सात आठवडे घरी बसून होती, हे मला माहीत असूनही नव्हता.

बाहेर पडताना संध्याकाळचा सराव सुरू झाला होता. भाची कठड्याशी उभी राहून मुली मोजत होती. मग ती त्यांच्यात मिसळली, वीस मिनिटे बोलली आणि परत आली. "मावशी, अकरा जणी आहेत. नऊ जणी फर्स्ट इयर, दोघी सेकंडच्या. थर्डची एकपण नाही." मी म्हणाले, अभ्यासाला बसल्या असतील. ती काही बोलली नाही.

त्या रात्री अमेरिकेत अध्यापन करणाऱ्या एका वर्गमित्राशी फोनवर बोलणे झाले. तिकडे विद्यापीठीय खेळ हा मोठा पैशांचा व्यवहार आहे आणि त्याची गाऱ्हाणीही तेवढीच मोठी आहेत. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर २०१७ साली कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला, २०१८ साली तिथल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिला आला, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळाले. असे भाग्य थोड्यांचे. पण मित्राने सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली. तिथे १९९० साली एक कायदा झाला. खेळाडूंना आर्थिक साहाय्य देणाऱ्या विद्यापीठांना, त्या खेळाडूंपैकी किती जणांनी पदवी पूर्ण केली याचे प्रमाण जाहीर करावे लागते. आकड्यांत पळवाटा असतातच, तो म्हणाला. पण येऊ पाहणाऱ्या मुलाला तो आकडा मागता येतो. कठड्याशी उभी राहून भाचीने नेमका तोच आकडा मोजला होता. आमच्या कोणत्याही माहितीपुस्तिकेत तो मी पाहिलेला नाही. मी स्वतः जिच्या संपादनसमितीवर होते, तिच्यातही नाही.

दुसऱ्या दिवशी जुने महाविद्यालय. इथे एक गोष्ट ध्यानात आली, जी अठरा वर्षे या व्यवस्थेत राहूनही मी नीट पाहिली नव्हती. आपल्याकडे संलग्न महाविद्यालयातील खेळाडूचे आयुष्य अनेक मालकांत वाटलेले असते. धावपट्टी विद्यापीठाची किंवा शासनाची. जेवण वसतिगृहाचे. प्रशिक्षक बहुधा बाहेरचा. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ महासंघाच्या. हजेरी आणि अंतर्गत परीक्षा मात्र महाविद्यालयाची, म्हणजे आमची. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे शारीरिक शिक्षण संचालक नावाचा एक माणूस.

इथले संचालक निवृत्तीला आलेले. कपाटात चषक होते, काहींची चकाकी गेलेली. त्यांनी कपाटाकडे बोटही दाखवले नाही. धावपट्टी नऊ किलोमीटरवर, तीही विद्यापीठाची. सव्वापाचला बस सुटते, उशीर झाला तर थांबत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले. खड्ड्याचे विचारले तेव्हा म्हणाले, "पाणी आठवड्यातून दोनदा भरतो. टँकरचं बिल मंजूर झालं नाही तर एकदा." दुखापतीचा प्रश्न भाचीने पुन्हा विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले. "दोन वर्षांत दोन पोरी बसल्या होत्या घरी. एक परत आली. एक नाही आली. जी आली तिला विचार," म्हणून त्यांनी एका मुलीला हाक मारली. ती तिसऱ्या वर्षाची होती. अशा चौघी होत्या. त्यांच्यापैकी एक जण सांगत होती की सराव सव्वाआठला संपतो आणि खाणावळ साडेआठला बंद होते. सरांनी रेक्टरशी तीन महिने भांडून चार डबे झाकून ठेवण्याची परवानगी मिळवली.

माझ्या यादीतला शेवटचा प्रश्न मी वाचला: "स्पर्धेच्या काळात बुडालेल्या अंतर्गत परीक्षांचे काय करता?" ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, मैदानाचं विचारा, मी उत्तर देतो. स्टाफरूमचं तुम्हीच सांगा."

त्यांना माझ्याबद्दल काहीही माहीत नव्हते. तरी मला वाटले, त्यांना सगळे माहीत आहे.

नऊ-दहा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात खो-खो खेळणारी एक मुलगी होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली, आधी शिबिर, मग प्रवास, मग सामने. त्या पंधरवड्यात माझी चाचणी झाली. परतल्यावर ती जिमखान्याचे पत्र घेऊन आली. पत्राची मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती. मी तिला नियम दाखवला. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. फक्त नियम दाखवला आणि गुणपत्रकात तिच्या नावापुढे शून्य लिहिले. हजेरीही पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली होती. पुढच्या वर्षी ती आली नाही. एका शून्याने तिचे शिक्षण थांबले असे मी म्हणणार नाही. घरची कारणे असतील, लग्नाचेही असेल. पण आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला न पोहोचलेल्या मुलींत ती आहे, आणि तिच्या नावापुढचे अक्षर माझे आहे. त्या वर्षी आमच्या वार्षिकांकात खो-खोच्या संघाचे छायाचित्र छापले होते. मुद्रिते मीच तपासली होती.

परतीच्या एस.टी.त मी भाचीला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते तिथवर गेले ते लोकवर्गणीवर आणि कर्जावर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून आपल्या या विद्यार्थ्याला सात हजार रुपये दिले. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे, खाशाबांची जिद्द म्हणून. त्या दिवशी मात्र सांगताना ती प्राचार्यांची गोष्ट झाली. त्यांचे ते कर्तव्य नव्हते. कुठल्या रकान्यात ते बसतही नव्हते. घर गहाण टाकण्याची अपेक्षा आज कोणी कोणाकडून करू नये; एका संस्थेचा क्रीडाविभाग एका माणसाच्या उदारपणावर चालावा हेही बरे नव्हे. पण मुदत टळून तीन दिवस झाल्यावर आलेले एक पत्र स्वीकारायला घर गहाण टाकावे लागत नाही.

भाचीने ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांचं घर सुटलं का नंतर?" खाशाबांनी परतल्यावर कुस्त्या लढवून ते कर्ज फेडल्याचे सांगतात, असे मी म्हणाले. तिला ते आवडले. मग खिडकीला डोके टेकवून ती झोपली.

तिने जुने महाविद्यालय निवडले. दाजींनी महिनाभर अबोला धरला आणि मग स्वतःच तिला सोडायला गेले. पहिल्या वर्षी ती विद्यापीठाच्या निवडचाचणीत पाचवी आली, म्हणजे संघात नाही. दुसऱ्या वर्षी नडगी पुन्हा दुखली, पाच आठवडे गेले; पण बसमधून ती रोज मैदानावर जात होती, कडेला बसून इतरांच्या फेऱ्यांची वेळ नोंदवत होती. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. पदक अजून नाही. दाजी भरतीची जाहिरात आली की अजूनही कात्रण पाठवतात. त्यांचे बरोबर ठरेलही.

आमच्या महाविद्यालयात मी गेल्या वर्षी एक प्रस्ताव ठेवला: स्पर्धेसाठी गेलेल्या खेळाडूंची चाचणी ते परतल्यापासून पंधरा दिवसांत घ्यावी, आणि माहितीपुस्तिकेत क्रीडाविभागाच्या पानावर, पाच वर्षांत प्रवेश घेतलेले खेळाडू किती आणि त्यांतले पदवी घेऊन बाहेर पडलेले किती, हे छापावे. पहिला भाग थोड्या चर्चेनंतर संमत झाला. दुसऱ्या भागाविषयी 'पुढील सभेत विचार करावा' असे इतिवृत्तात आहे. ती सभा अद्याप झालेली नाही. तोवर तो आकडा मी स्वतःच काढायचे ठरवले आहे. कपाटातून जुनी हजेरीपत्रके काढली आहेत आणि नावापुढे नाव लावते आहे. सध्या मी खो-खोच्या वर्षापर्यंत आले आहे.