आवाज कुठे अडला होता?

घरात वडीलधारं माणूस असलं आणि काही बिनसलं, की संशय आधी त्यांच्यावरच जातो. चष्मा सापडत नाही? त्यांनीच कुठेतरी ठेवला असेल. नळ चालू राहिला? त्यांच्याच हातून राहिला असेल. आमच्याकडे २०२४ च्या दिवाळीनंतर असंच झालं. ‘दादांना हल्ली ऐकू येत नाही,’ असं नातेवाइकांनी ठरवूनच टाकलं.

दादा म्हणजे माझे सासरे. वय ७८, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बडोद्याला दांडिया बाजाराजवळ आमचं घर आहे. दादांचा आठवड्याचा सण म्हणजे रविवारची संध्याकाळ. माझी नणंद कॅनडात असते. आपल्याकडे साडेसहा वाजतात तेव्हा तिच्याकडे सकाळ असते. तिची सात वर्षांची लेक लॅपटॉपच्या पडद्यावर येऊन आजोबांना शाळेतल्या गमती सांगते आणि आजोबा तिला दर आठवड्याला एक मराठी म्हण शिकवतात. त्यासाठी दादा सहा वाजताच धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसलेले असतात.

हा लॅपटॉप यजमानांनी वापरून बाजूला ठेवलेला. बॅटरी पार गेलेली, त्यामुळे भिंतीवरच्या प्लगवरच चालणारा. जुन्या यंत्राला झेपावी म्हणून दुरुस्तीवाल्यानं त्यात लिनक्सची एक हलकी आवृत्ती घालून दिली होती. काम उत्तम चालायचं, पण एक खोड होती. आवाज कितीही वाढवून ठेवा, पुढच्या वेळी सुरू केला की तो पुन्हा पुटपुटायला लागे. मी जवळ असले की वाढवून देई. पण रविवारी संध्याकाळी माझ्या शिकवण्या असतात, यजमान दुकानात असतात आणि दादा एकटेच असतात.

हळूहळू त्या संध्याकाळीतला रंग उडाला. नणंद तिकडून ओरडून बोले, दादा ‘काय? काय?’ करत. एकदा नात कंटाळून म्हणाली, “आजोबांना काही कळतच नाही,” आणि उठून गेली. नेमकं तेवढं वाक्य दादांना ऐकू आलं. पुढच्या रविवारी त्यांनी सदरा बदलला नाही. “तुम्हीच बोला, मला मागाहून सांगा,” म्हणाले. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं.

नणंदेचा लगेच फोन आला, “वहिनी, दादांना श्रवणयंत्र घेऊन टाका.” मला मात्र हे पटत नव्हतं. स्वयंपाकघरात मी हळू आवाजात काही बोलले, तरी बाहेरून दादांचं उत्तर येत असे. तरीही शंका नको, म्हणून आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत वयोमानाप्रमाणे थोडी घट निघाली, पण श्रवणयंत्राची तूर्त गरज नव्हती. डॉक्टरांनी एक गोष्ट छान समजावली. उतारवयात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजनं निसटतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. लहान मुलांच्या पातळ आवाजात तर ही अडचण जास्तच. म्हणजे लॅपटॉपचा जो बारीक आवाज तरुण कानांना कसाबसा पुरला असता, तो दादांना पुरत नव्हता.

मग मी लॅपटॉपकडे मोर्चा वळवला. रोज सुरू केल्यावर आवाजाचा आकडा किती असतो, ते कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहू लागले. आठ दिवस आकडा एकच, २८! मी विचारात पडले. विसरभोळा माणूस दर वेळी नवं काहीतरी विसरतो. हे यंत्र तर रोज न चुकता २८ वर येत होतं. म्हणजे ते विसरत नव्हतं, कुठली तरी जुनी गोष्ट घट्ट धरून बसलं होतं.

शेजारची मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिला ते आकडे दाखवले. तिनं एकच प्रश्न विचारला, “काकू, हा बंद कसा करता?”

उत्तर दादांनीच दिलं, “कसा म्हणजे? भिंतीवरचं बटण बंद करून. इस्त्री काय, रेडिओ काय, काम झालं की बटण बंद!”

तिनं हसून उलगडा केला. लिनक्समध्ये आवाजाचा कारभार ‘अल्सा’ नावाची व्यवस्था पाहते. यंत्र रीतसर बंद केलं, की आवाजाची त्या वेळची पातळी ती एका फाइलमध्ये टिपून ठेवते आणि सुरू होताना तीच वाचते. वीजच तोडली तर टिपायला सवड कुठली? मग जुनी नोंद तशीच राहते. दुरुस्तीवाल्यानं दुकानात लॅपटॉप शेवटचा रीतसर बंद केला, तेव्हा आवाज २८ वर असणार. आमचं यंत्र रोज तेच पान वाचत होतं.

उपाय पाच मिनिटांचा निघाला. आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडून तिनं ‘अल्सामिक्सर’ लिहिलं. पडद्यावर उभे खांब आले. ‘मास्टर’ आणि ‘स्पीकर’ हे दोन खांब वरच्या बाणानं चढवले. खांबाखाली ‘एमएम’ दिसलं तर तो आवाज मुका आहे असं समजायचं आणि ‘एम’ची कळ दाबून मोकळा करायचा. मग एस्केप दाबून बाहेर येऊन ‘सुडो अल्साक्टल स्टोअर’ ही आज्ञा दिली. तिचं स्पेलिंग असं: एस-यू-डी-ओ, जागा सोडून ए-एल-एस-ए-सी-टी-एल, पुन्हा जागा सोडून एस-टी-ओ-आर-ई. पासवर्ड लिहिताना अक्षरं दिसत नाहीत, त्यानं गोंधळू नये. या आज्ञेनं नवी नोंद तिथल्या तिथे होते. खात्रीसाठी आम्ही मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद करून पाहिलं. पुन्हा सुरू केल्यावर आवाज जागच्या जागी होता! दादांनी आता आधी ‘शट डाउन’ करायचं आणि मग बटण, अशा दोन ओळी डायरीत लिहून घेतल्या आहेत. यंत्राच्या तब्येतीलाही तेच बरं.

तुमच्याकडे विंडोज असेल तर कारणं वेगळी असू शकतात. तिथे स्पीकर आणि हेडफोन यांची आवाजाची पातळी वेगवेगळी लक्षात ठेवली जाते. शिवाय ‘साउंड’मधल्या ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर, कॉल सुरू असताना बाकीचे आवाज ८० टक्के कमी करण्याची सोय मुळातच निवडलेली असते. तिथे ‘डू नथिंग’ निवडता येतं. मात्र आवाज सरसकट टिपेला नेऊन ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये.

त्या रविवारी शिकवणी आटोपून आले, तर बैठकीतून हसण्याचा आवाज येत होता. दादांनी नातीला ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण शिकवली होती आणि वर म्हणाले होते, “पण बाळा, कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं!”

घरातल्या वडीलधाऱ्यांचे कान जरूर तपासून घ्या. वय कुणाला चुकलंय? पण त्याच दिवशी त्यांच्या हातातलं यंत्रही तपासा. नीट ऐकू न येणारं माणूस तक्रार करत नाही. ते हळूच खुर्ची मागे घेतं, आणि ती पुन्हा पुढे आणणं फार कठीण असतं.