रविवारची रात्र आणि सदाशिव पेठेतली कॉट

जून उजाडला की पुण्यात दोन गोष्टी हमखास दिसायला लागतात. एक, छत्र्या. आणि दुसरी, 'मुलींसाठी कॉट बेसिसवर जागा मिळेल' अशी पाटी. परगावच्या लोकांना ही कॉट बेसिसची भानगड आधी कळतच नाही. सोप्या शब्दांत सांगायचं तर खोलीतली एक खाट तुमची, त्यावरची चादर तुमची आणि खाटेखाली मावेल तेवढं सामान तुमचं. बाकीचं पुणे तुमचं तुम्ही शोधायचं!

आपल्यासारख्या नोकरदारांसाठी हाच महिना फोनचा. गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच, "आमची पोरगी पुण्याला येतेय, जरा लक्ष ठेव." मी २०१० मध्ये बार्शीहून शिकायला आलो आणि इथेच नोकरीला चिकटलो. त्यामुळे आमच्या खानदानाची अधिकृत पुणे शाखा म्हणजे मीच.

गेल्या वर्षी माझ्या वाट्याला आली माझी मावसबहीण. फर्ग्युसनला बीएस्सी, सदाशिव पेठेत कॉट. पहिले दोन आठवडे सगळं झकास. तिसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन. "बाळा, ती परत यायचं म्हणतीय. बार्शीतच कॉलेज करते म्हणतीय. तू जरा बोल तिच्याशी."

बोललो. पोरगी म्हणाली, "दादा, कॉलेज चांगलंय. मैत्रिणी पण बऱ्या आहेत. पण रविवारी संध्याकाळी कसंतरीच होतं. नकोच वाटतं सगळं."

रविवारी संध्याकाळी! पुण्यात शिकायला राहिलेल्या कुणालाही हे वाक्य अर्ध्यावरच कळेल. मी लेक्चर दिलं नाही. शनिवारी सकाळी बूट घालून तयार राहा म्हटलं आणि दोन दिवस तिला तिचंच पुणे पायी दाखवलं. त्या भटकंतीतल्या टिप्स इथे देतोय. तुम्हालाही असा फोन आला की उपयोगी पडतील.

कॉट बघायची ती सकाळी सातला

खोली बघायला सगळे संध्याकाळी जातात. तेव्हा काय, सगळ्याच खोल्या छान दिसतात! खरी परीक्षा सकाळी सातला. नळाला पाणी किती जोरात येतं, बाथरूमसमोर रांग केवढी आणि सोलरचं गरम पाणी तिसऱ्या नंबरच्या मुलीपर्यंत पोचतं की नाही, हे तेव्हाच कळतं. पाऊस पडत असेल तर सोने पे सुहागा. भिंतीची ओल लपत नाही.

मग चार प्रश्न विचारायचे. डिपॉझिट परत कधी? जागा सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं? आई आली तर एक रात्र राहू शकते का? आणि रात्री दार किती वाजता बंद? चारही उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्यायची. कागद मागितला म्हणून जागामालक रागावत नाहीत, उलट पोरगी व्यवहारी आहे म्हणून खूश होतात.

बहिणीच्या जागेवाल्या काकूंनी दारावरच पाटी लावलीय. 'खोलीत स्वयंपाक करू नये. इंडक्शन, हीटर चालणार नाही. चालवल्यास कळते.' या काकूंची एंट्री पुढे आहे. लक्षात ठेवा.

मेसची चव मंगळवारी घ्या

मेस लावण्याआधी एक वेळचं जेवून बघायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लोक जातात रविवारी दुपारी. अहो, रविवारी दुपारी फीस्ट असते! मसालेभात, एखादं गोड, तळलेले पापड. त्या दिवशी कुठलीही मेस आईच्या हातची वाटते. खरी मेस बघायची तर मंगळवारी रात्री जा. आमटीत डाळ किती आणि पाणी किती, पोळी ताटात येते तेव्हा गरम असते का, आणि दुसऱ्यांदा भाजी मागितल्यावर वाढणाऱ्याचा चेहरा कसा होतो. एवढं बघितलं की निर्णय झाला.

दुसरा मुद्दा खाड्यांचा. गावाला गेलात की तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात का, आणि किती दिवसांचा सलग खाडा धरतात, हे पैसे भरायच्या आधी विचारायचं. दिवाळीत फरक कळतो.

तिसरा मुद्दा गणिताचा. तीस दिवसांची साठ जेवणं धरून आपण पैसे भरतो. पण बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद. म्हणजे हातात छप्पन. त्याबद्दल कुरकुर करू नका. पोळ्या लाटणाऱ्या मावशींनाही आठवड्यात तेवढीच एक संध्याकाळ घरी मिळते. पण त्या उरलेल्या चार जेवणांचं काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. आणि माझ्या बहिणीचा घोळ नेमका त्या चार जेवणांतच होता.

अडीनडीला पोळीभाजी केंद्रं आहेतच. दोन पोळ्या, थोडी भाजी पार्सल घ्यायची. हॉटेलपेक्षा खूपच स्वस्त. पुण्याने विद्यार्थ्यांना दिलेली ही मोठीच भेट आहे.

अप्पा बळवंत आणि जुनी पुस्तकं

पेठेतून चालत आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. इथे येऊन नवीकोरी पुस्तकं घेणारा फर्स्ट इयरचाच असतो. सेकंड हॅण्ड विचारायचं आणि वर्ष संपल्यावर परत घेणार का, तेही विचारून ठेवायचं. एकच पथ्य, कव्हरवरचा पॅटर्न वाचायचा. २०१९ पॅटर्न आणि २०२४ पॅटर्नची पुस्तकं शेजारी शेजारी पडलेली असतात. स्वस्त मिळालं म्हणून जुन्या सिलॅबसचं पुस्तक उचललं, तर ते उशी म्हणूनच उपयोगी पडतं.

तिथून जवळच, लक्ष्मी रोडला पुणे नगर वाचन मंदिर. १८४८ सालापासून चालू असलेली लायब्ररी! सभासद व्हायचं आणि अभ्यासाबाहेरचं एक पुस्तक कायम कॉटवर ठेवायचं. फोनची बॅटरी संपल्यावरसुद्धा माणसाला सोबत लागते, बॉस.

खिशाला न लागणारं पुणे

झेड ब्रिजवरून डेक्कनला उतरलो आणि फर्ग्युसन रोडला लागलो. वैशालीत एक डोसा झाला, पण तो दादाच्या खात्यावर. विद्यार्थ्याने वैशालीत महिन्यातून एकदा जावं, तेही चौघांत बिल वाटून.

फुकटात काय आहे? टेकड्या! फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी तर कॉलेजला चिकटूनच आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्या की सगळं शहर खाली दिसतं. वेताळ टेकडी जरा मोठी, पण ग्रुपने गेलात तर मजा. वर जायचं ते सकाळी किंवा उजेड असताना, एकट्याने अंधारात नाही.

नाटकवेड असेल तर पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासूनची एकांकिका स्पर्धा, भरत नाट्य मंदिरात. बहिणीच्या कॉटपासून चालत पाच मिनिटं! तिला पत्ताच नव्हता. सिनेमाचं वेड असेल तर लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काय दाखवतायत, यावर नजर ठेवायची. डिसेंबरात सवाई गंधर्व. १९५३ पासूनचा महोत्सव आहे, पण घाबरायचं नाही, कारण खुर्चीऐवजी भारतीय बैठकीचं तिकीट घेतलं की बजेटात बसतं. शाल आणि शेंगदाणे घरून न्यायचे.

फिरायला पीएमपीचा विद्यार्थी पास. जुने लोक अजून पीएमटीच म्हणतात, २००७ मध्ये नाव बदललं तरी. मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारातून स्वारगेटपर्यंत गेली. मेट्रोतही विद्यार्थ्यांना सवलत आहे. गावाकडून येणाऱ्यांना याचा मोठा फायदा. स्वारगेटला एसटीतून उतरलं की बॅगा घेऊन रिक्षावाल्याशी वाद घालत बसायला नको.

पैशाचं उघड बोला

टेकडीवर बसल्यावर बहिणीने हळूच दुसरी गोष्ट सांगितली. यंदा घरी सोयाबीनचं काही खरं नाही, आणि दर महिन्याला पैसे मागताना तिला लाज वाटते. म्हणून रविवारी रात्री ती बाहेर काही घ्यायचीच नाही. बिस्किटं खाऊन झोपायची आणि आईला फोनवर सांगायची, "जेवले."

इथे मात्र टिप्स बाजूला ठेवून सरळ सांगतो. पुण्यात पैशाची अडचण असलेला विद्यार्थी नवलाचा नाही, आणि त्यासाठी जुन्या वाटा आहेत. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा आणि शिका योजना आहे. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत ठरावीक तास काम करायचं आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात चौकशी करायची. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींच्या राहण्याजेवण्याची सोय करते. अर्ज वेळेत करायचा, एवढंच. स्कॉलरशिपचे कागद, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, गावाहून निघतानाच फाइल करून आणायचे. नंतर एका दाखल्यासाठी एसटीने दोनदा बार्शी गाठायची म्हणजे महिन्याच्या मेसचा चुराडा.

बहिणीने सोमवारीच फॉर्म आणला. काम मिळालं कॉलेजच्या लायब्ररीत. पहिल्या पैशांतून तिने मावशीला रिचार्ज मारला. मावशी रडली, पण ते वेगळं रडणं.

आणि तो रविवार

आता मुख्य मुद्दा. रविवारी संध्याकाळी नेमकं काय होतं? दुपारी फीस्ट झालेली असते, झोप झालेली असते. ज्यांची घरं जवळ आहेत त्या घरी गेलेल्या. मेसला कुलूप. गल्लीत कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येतो. आणि कॉटवर बसून आपण कॉन्टॅक्ट लिस्ट वर-खाली करतो. घरची आठवण रोजच येते, पण बाकीचे सहा दिवस मेसची वेळ आपल्याला उठवून चार लोकांत नेऊन बसवते. रविवारी तेवढंच होत नाही.

यावरचा फंडा साधा आहे. रविवारचं जेवण एकट्याने करायचं नाही. बस्स. त्याला पैसे लागत नाहीत, थोडं धाडस लागतं. पहिलं निमंत्रण आपणच द्यायचं असतं ना!

आम्ही सुरुवात केली सोलापुरी इस्टेटीपासून. मावशीने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवलेली होतीच. कडक भाकरी काय, दिवसेंदिवस टिकते, गॅस लागत नाही, पाटीचा नियमही मोडत नाही. मी म्हटलं, शेजारच्या खोलीत जा आणि फक्त एवढं विचार, "दही आहे का?" ती गेली. दही नव्हतं, पण जळगावच्या मुलीकडे बिबडे होते. कोल्हापूरच्या मुलीकडे कांदा-लसूण चटणी. चिपळूणची म्हणाली, "माझ्याकडे कुळथाचं पीठ आहे, पण त्याची पिठी करायला गॅस पाहिजे."

गॅस! चौघी एकमेकींकडे बघत बसल्या. शेवटी चिपळूणकरीण खाली गेली आणि थेट काकूंना विचारून आली. काकू वर आल्या, पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खोलीत करायचं नाही, असं लिहिलंय. माझ्या स्वयंपाकघरात करायचं नाही, असं कुठं लिहिलंय? आठ वाजता या. भांडी घासून ठेवायची." काकूंचा मुलगा परदेशात. रविवारी रात्री त्याही एकट्याच वरणभात खायच्या, हे नंतर कळलं.

बहीण आता सेकंड इयरला आहे. परत जायचं वगैरे विषय संपला. रविवारी रात्री आठ ते नऊ मी तिला फोन केला तर उचलत नाही. नंतर मेसेज येतो, 'पिठी चालू होती.'

मंडळी, तुमच्याही ओळखीत असा एखादा फर्स्ट इयर असेलच. कुणाचा भाचा, कुणाची चुलतबहीण, कुणाच्या गावचा पोरगा. त्याला 'काही लागलं तर सांग' असं म्हणू नका, तो कधीच सांगणार नाही. 'जेवलास का?' हेही विचारू नका. उत्तर 'हो'च येतं. येत्या रविवारी सरळ म्हणा, "आठला घरी ये, खिचडी टाकतोय." तुम्हीही बहुतेक लॅपटॉप मांडीवर घेऊन, पार्सलचा डबा उघडून एकटेच बसणार असाल. दोघांचंही काम होईल!