हवा जाते कुठून?

पेणमध्ये एअरब्रशचं कोणाला नवल नाही. उन्हाळा सरला की इथल्या गणपती कारखान्यांत दिवसभर कॉम्प्रेसर धडधडत असतात. बॉडी कलर मोठ्या गननं, गालांची आणि बोटांच्या पेरांची शेड एअरब्रशनं, डोळ्यांची आखणी मात्र बारीक कुंचल्यानं, हातानं. अशाच एका कारखान्यात मी शेडिंग शिकायला जात होते. घरी सराव करता यावा म्हणून छोटा कॉम्प्रेसर घेतला. तेल न लागणारा पिस्टनचा, खाली ३ लिटरची टाकी. दाब ४ बारला पोचला की मोटर आपोआप बंद, ३ बारवर उतरला की पुन्हा सुरू.

तो मी रंगाला हात लावायच्या आधीच सुरू व्हायचा. एअरब्रश स्टँडवर टांगलेला, मी रंग कालवत बसलेली, आणि मोटर घरघरायला लागायची. कुठेतरी लिकेज आहे हे उघड होतं. पण किती? हा हिशेब प्रत्येक शिकणाऱ्यानं करून पाहावा, फार सोपा आहे. ३ लिटरच्या टाकीतला दाब १ बारनं उतरला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या मापानं ३ लिटर हवा निघून गेली. माझी मोटर साधारण दहा मिनिटांनी सुरू होत होती, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटर. शेडिंगला लागणाऱ्या हवेपुढे हे काहीच नाही, त्यामुळे रंगकामात फरक जाणवत नाही आणि माणूस दुर्लक्ष करतो. नुकसान वेगळ्याच जागी होतं. छोटी मोटर सतत चालण्यासाठी बनवलेली नसते. ती तापत राहते. शिवाय जितकी हवा दाबाल तितकं तिच्यातलं पाणीही टाकीत आणि पाण्याच्या ट्रॅपमध्ये साठतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच ओली. ट्रॅप भरला की एखादा थेंब गनमधून थेट मूर्तीच्या गालावर उडतो, आणि तो डाग झाकायला सगळा चेहरा पुन्हा करावा लागतो.

कारखान्यातल्या काकांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते पाना घेऊन येतील आणि सगळे नट आवळतील. ते म्हणाले, "पाना ठेव बाजूला. आधी टाकीकडची हवा आणि गनकडची हवा वेगळी कर. मग बघू कोण खातंय ते."

माझ्या मशीनला काटा एकच, तोही रेग्युलेटरच्या पुढे. म्हणजे रेग्युलेटर बंद केला की टाकीत किती दाब आहे ते दिसत नाही. पण मोटर सांगते. टाकी भरू दिली, रेग्युलेटरचं बटण पूर्ण मागे फिरवून पुढची हवा तोडली आणि वाट पाहिली. मोटर सुरू झाली, पण दहा मिनिटांनी नाही, बऱ्याच उशिरानं. लिकेज दोन्हीकडे होतं: टाकीकडे बारीक, गनकडे मोठं. नुसते नट आवळत बसले असते तर हे कधीच कळलं नसतं.

इथे एक सांगायलाच हवं. दाबलेली हवा गरम असते. मोटर थांबल्यावर ती निवते आणि लिकेज नसतानाही दाब थोडा उतरतो. पहिल्या काही मिनिटांतल्या उतरण्यावरून निष्कर्ष काढू नये. तसंच मोटर थांबताक्षणी प्रेशर स्विचपाशी जो छोटा 'फुस्स' येतो तो दोष नाही. पिस्टनवरचा दाब मोकळा होतो, म्हणून पुढच्या वेळी मोटर सहज उठते. तो आवाज थांबलाच नाही, तर मात्र टाकीची हवा उलटी येत आहे आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह साफ करायला हवा. माझा आवाज लगेच थांबत होता.

मग भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं प्रत्येक जोडावर लावलं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसंच हे. प्लग काढून ठेवला होता आणि मोटर-स्विचच्या वायरींपाशी पाणी जाऊ दिलं नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह कोरडा, स्विचचा जोड कोरडा. टाकीच्या पोटाखालचा पाणी काढायचा कॉक जमिनीकडे तोंड करून असतो, तिथे आरसा धरून पाहिलं तर मोहरीएवढे बुडबुडे. आतल्या गंजाचा कण बैठकीवर अडकला होता. कॉक पूर्ण उघडून हवेच्या जोरानं तो उडवला, पुसलं, बंद केलं. टाकीकडची बाजू तिथेच मिटली.

गनकडच्या बाजूनं खरी परीक्षा पाहिली. रेग्युलेटरला नळी जोडणाऱ्या पितळी अडॅप्टरवर फेस येत होता. टेफ्लॉन टेप लावली, नीट, आटे बसतात त्याच दिशेनं, पहिला आटा मोकळा सोडून. फेस कमी झाला, गेला नाही. टेप वाढवली तरी तेच. शेवटी अडॅप्टर लेथवाल्याकडे नेला. त्यानं थ्रेड गेज लावलं आणि दोन सेकंदांत सांगितलं, "ताई, हे जोडपंच जमणारं नाही." रेग्युलेटरचे आटे बीएसपी, म्हणजे पाव इंची मापात इंचाला १९, अडॅप्टरचे एनपीटी, इंचाला १८. एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. दोन-तीन फेरे छान फिरतात, मग अडकतात, आणि आपल्याला वाटतं घट्ट बसलं. आत मात्र आट्यांच्या कडेनं हवेला गोल गोल वाट राहते. दुकानदारानं 'पाव इंची' म्हणून दिलेलं चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. अडॅप्टर घेताना माप आणि आट्यांचा प्रकार दोन्ही विचारा. टेप हा चुकीच्या आट्यांवरचा इलाज नाही. आणि नळीच्या ज्या नटात रबरी वायसर किंवा ओ-रिंग आहे, तिथे टेप लावूच नका. तिथे हवा रबर अडवतं, आटे नाहीत.

बीएसपीचा अडॅप्टर बसवल्यावर नळी तपासली. विणलेल्या नळीत एक फसवणूक असते: आतली रबरी नळी एका जागी फाटते, हवा विणीखालून सरकत जाते आणि भलत्याच टोकाला बुडबुडे दिसतात. म्हणून जोड बदलण्याआधी नळी बदलून पाहावी. माझी नळी ठीक निघाली. एअरब्रशचं बटण न दाबता नोझलमधून हवा येत असेल, तर बटणाखालचा हवेचा व्हॉल्व्ह पाहा. वाळलेला रंग किंवा थिनरनं फुगलेली ओ-रिंग हे नेहमीचं कारण. वाटीतल्या रंगात बुडबुडे येणं हा तर कॉम्प्रेसरचा दोषच नव्हे. नोझल नीट बसलेलं नाही किंवा चोंदलं आहे.

त्या संध्याकाळी टाकी भरली, एअरब्रश जोडून ठेवला आणि जेवण, भांडी आवरून होईपर्यंत मोटर सुरू झाली नाही.

नव्यानं शिकणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती. कुठलाही जोड खोलण्याआधी टाकीतली हवा पूर्ण सोडा. आणि बुडबुडा जोडावर नसून टाकीच्या पत्र्यावर किंवा वेल्डिंगवर दिसला, तर एम-सील लावून काम भागवू नका. ती टाकी आतून गंजलेली असते, ती बदला.