वाट आणि पाणी

सिंहगडाला आतकरवाडीतून जाणाऱ्यांना वळणं टाळणारे शॉर्टकट माहीत असतील. कॉलेजात असताना आम्ही तिथूनच पळत उतरायचो. भारी वाटायचं!

मागच्या पावसाळ्यात अशाच एका शॉर्टकटच्या तोंडाशी बाबा घसरले. मनगट मोडलं. तिथे वाटेचा ओढाच झाला होता, म्हणून ते कडेच्या गवतावरून चालत होते.

यंदा मे महिन्यात वनखात्याला विचारून आम्ही काहीजण दोन रविवार कुदळ-घमेली घेऊन गेलो. तेव्हा कळलं, पाण्यालाही शॉर्टकट आवडतो. सरळ उतार मिळाला की ते वेग घेतं, माती नेतं, दगड उघडे पाडतं. मग लोक बाजूने चालतात, गवत मरतं, वाट आणखी रुंदावते. उपाय साधा. वाटेवर तिरका चर खणायचा, खालच्या अंगाला दगड घट्ट बसवायचे, पाणी कडेला काढून द्यायचं. चर अगदी आडवा घेतला तर गाळ साचतो. शॉर्टकटवर काटेरी फांद्या टाकल्या.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर बघायला गेलो. सहापैकी चार चर वाहत होते, दोन पाल्याने बुजलेले. हातानेच मोकळे केले. तेवढ्यात दोन पोरं फांद्या सारून सरळ खाली पळाली. ओरडणार होतो... पण कुठल्या तोंडाने?

बाबांनी विचारलं, "झाली का वाट?"

म्हटलं, "ती होत नसते बाबा, दरवर्षी करावी लागते."

असो. पुढच्या रविवारी तेही येतायत. पाला काढायला एक हात पुरतो म्हणे!