मरळीचा घास

आजऱ्याकडं मरळीला मान. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी भाताच्या खाचरांत चढलं, की बेडकांच्या मागं मरळ यायची. पुढं ती दिसेनाशी झाली. तेव्हा धाकट्या चुलत्यांनी, आमच्या तात्यांनी, उसाचा एक तुकडा मोडून शेततळं काढलं आणि मरळीची पिल्लं सोडली. सोसायटीचं कर्ज होतं. मासा वाढला तरच ते फिटणार होतं.

रोहू-कटल्याला भाताचा कोंडा नि शेंगपेंड चालते. मरळ पडली मांसाहारी. उपाशी राहिली तर पाठच्या भावंडालाच गिळती. म्हणून आंबोली घाटानं वर येणारी सुकट तात्या पोत्यानं आणायचे. काकी एकदा म्हणालीच, "अवं, पोरांच्या ताटातली सुकट माशाला घालताय व्हय?"

काकीचं बोलणं आमच्या तळ्यापुरतं नव्हतं. तारलीसारखी लहान मासळी वाळवून, दळून तिचं पीठ जगभर कोळंबीच्या नि माशांच्या खाद्यात जातं. गरिबाच्या कालवणातला मासा श्रीमंताच्या माशाच्या पोटात जातो.

तात्यांनी मग सोयाबीनची पेंड धरली. पण ताट बदललं म्हणून पोट बदलत नाही. मरळीचं आतडं आखूड, मांस पचवायला घडलेलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. तो उष्णतेनं मोडतो. त्यातलं बरंचसं स्फुरद फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं. माशाला ते सुटत नाही, विष्ठेतून पाण्यात उतरतं नि तळं हिरवं पडतं. मेथिओनिन हे अमिनो आम्लही सोयाबीनमध्ये कमी. म्हणून कारखान्यातलं खाद्य करताना पेंडीला उष्णता देतात, फायटेज नावाचं विकर मिसळतात, मेथिओनिन वरून घालतात. एवढं करूनही मासा घास तोंडात घेऊन थुंकला, तर सगळं पाण्यात!

तात्यांनी ओळखलं, की खोड लहानपणीच लावायला हवी. पिल्लं बोटाएवढी असतानाच उकडलेल्या पेंडीत सुकटीची पूड मळून गोळे द्यायला लागले, नि दर आठवड्याला पूड चिमटीनं कमी करत गेले. निम्म्यावर आल्यावर मरळीनं तोंड फिरवलं. "हितं थांबायचं," तात्या म्हणाले. "मटान सोड म्हटल्यावर मी तरी सोडतोय काय?"

पोतं आता दुप्पट दिवस पुरायला लागलं. काकीनं त्यातली ओंजळभर सुकट काढून वांग्यात घातली. तात्या काही बोलले नाहीत.