पीळ

डाव्या हाताच्या चिमटीत पेळू, उजव्या हाताशी पेटी चरख्याचं चाक. चाती गुणगुणू लागते, डावा हात अलगद मागे जातो आणि कापसाच्या मऊ सुरळीतून सूत झरू लागतं. घाई केली की तुटतं, हात रेंगाळला की वळ्या घालतं. आजी म्हणायची, "ओढू नकोस गं, येऊ दे त्याला."

सूत तुटलं की मी गाठ मारायला जाई. आजी अडवायची. तुटलेलं टोक बोटांनी जरा उकलून ती पेळूवर टेकवायची, चाक हळूच फिरवायची, की दोन्ही एकजीव. सांधा शोधून सापडायचा नाही.

कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, फुंकरीनं उडणारा. असे कितीही शेजारी-शेजारी ठेवा, सूत होत नाही. पीळ पडला की मात्र ते एकमेकांना धरून ठेवतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हेकट माणसाला म्हणतो. कातायला बसलं की त्याच म्हणीतला चिवटपणा जवळचा वाटतो. माझा हा चरखासुद्धा त्याच चिवटपणातून आला आहे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्याची घडण सुधारत नेली, म्हणून तो येरवडा चरखा.

या सुताला घामाचा हिशेबही आहे. १९३५ मध्ये चरखा संघानं ठरवलं की कातणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. विनोबांनी तर वर्ध्याजवळच्या नालवाडीला स्वतः कातून त्या मजुरीत जगून पाहिलं. आज आमच्या वर्धा जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर त्याच्या कापसाचं कापड नसतं, आणि कापसाचा भाव ठरवणंही त्याच्या हाती नसतं. हा सल मनात घेऊनच मी चाक फिरवते.

दर १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीच्या काठी लोक जमतात. १९४८ मध्ये याच दिवशी इथं गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. विनोबांनी प्रत्येकाकडून स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी मागितली, ६४० तारांची. तीच सूतांजली. श्रीमंताची असो की मजुराची, गुंडी एकच.

आम्ही सहा-सात जणी रविवारी एकत्र कातायला बसतो. गेल्या वर्षी एकीच्या घरी मोठं दुःख झालं, दोन महिने ती आली नाही. आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. शेजारणीनं तिच्यापुढे पेळू ठेवले. तिचा हात थरथरत होता, सूत सारखं तुटत होतं. दर वेळी शेजारीण वाकून टोक उचलायची, पेळूवर टेकवायची आणि म्हणायची, "फिरव."

यंदा पवनारला नेलेल्या गुंड्यांत तिचीही होती. ती हातात घेऊन मी सांधे शोधले. एकही सापडला नाही.